अर्धं पाऊल

आरोयो, ९ फेब्रुवारी

एलियास,

तुझा पत्ता कार्मिनने दिला. कुणाला सांगणार नाही अशी शपथ आधी माझ्याकडून घेतली, मग दिला. आपली ही मामेबहीण शपथा घालते आणि मोडते, दोन्ही सारख्याच मनापासून. तिच्यावर चिडू नकोस.

आधी फोनच केला होता. तुझा जुना नंबर आता तिकडच्या कुणा बाईला मिळालाय. भली बाई आहे. दोनदा केला तरी वैतागली नाही.

जुनं उकरायला लिहीत नाहीये. आईला माती दिली त्या आठवड्यात आपण फोनवर एकमेकांना जे बोललो ते बोललो. मला याद्रिएलबद्दल लिहायचंय.

तू बेट सोडलंस तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि वादळाने उडवलेल्या तुमच्या छपराच्या जागी निळी ताडपत्री होती. आता सिमेंटचा स्लॅब आहे, तुझ्या मिग्दालियाने कारखान्यात जादा पाळ्या करून घातलेला. पोरगा माझ्याहून उंच झालाय. शाळेच्या बेसबॉल संघात शॉर्टस्टॉप खेळतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती तुझी जागा. तू तिथे उभा असलास की दुसऱ्या बेसवर मला डुलकी काढता यायची.

यंदा त्याची शाळा संपते, म्हणजे जुलैच्या ड्राफ्टला त्याचं नाव येणार. मुख्य भूमीवरचे क्लब पाळीपाळीने पोरं उचलतील. बेटावरची कुठली उचलावीत आणि कुठली राहू द्यावीत, हे आमच्या क्लबाला मी कळवतो. एवढी वर्षं तेच करतोय. पण सख्ख्या पुतण्याचा अहवाल कधी लिहिला नव्हता. म्हणून वरचा साहेब, टिली, त्याला फोन करून सांगितलं की हा माझ्या भावाचा मुलगा आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. तो हसला. म्हणाला, तुमच्या बेटावर कोण कुणाच्या भावाचा मुलगा नाही? त्याला तुझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही, तूच लिही.

तेव्हापासून मी मिग्दालियाकडे रविवारी जेवायला जायचं थांबवलंय. बाकीच्या पोरांच्या आया बघत असतात. ज्याच्या घरी भात खाल्ला त्याच्याबद्दल चांगलं लिहिलं असं कुणी म्हणायला नको, आणि मलाही तसं वाटायला नको. मैदानावर मी जाळीमागे माझ्या घडीच्या खुर्चीवर बसतो, ती आयांच्या घोळक्यात. त्याने कितीही चांगला चेंडू अडवला तरी टाळी वाजवत नाही. मिग्दालियाला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं." तिचं 'बरं' तुला माहीत आहे.

नेरेइदा मजेत आहे. तुझी आठवण काढते.

बेर्तो


सालिनास, १६ मार्च

एलियास,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरतो.

आज इथे सामना होता. वारा समुद्राकडून, धूळ सगळी आमच्या तोंडावर. शेजारी चागो बसला होता. तो दुसऱ्या एका क्लबासाठी पोरं बघतो. वयाने माझ्याहून थोडाच मोठा, पण टोपी काढली की आपल्या वडिलांएवढा दिसतो. बेटावर आम्ही दोघेच जुने उरलो. बाकीचे तरुण आहेत, मैदानाकडे कमी आणि हातातल्या पडद्याकडे जास्त बघतात.

तिसऱ्या इनिंगमध्ये एक सरपटी चेंडू शॉर्टस्टॉपच्या उजवीकडे गेला, पार खोलात, तिसऱ्या बेसच्या पाठीमागे म्हण. याद्रिएल धावला, उलट्या हाताने ग्लव्ह चेंडूपुढे घातला, आणि ग्लव्हमधून चेंडू हातात कधी आला ते मलाही दिसलं नाही. पहिल्या बेसवर फेकला, बाद. लोक उठून उभे राहिले. चागो म्हणाला, "बेर्तो, तुझ्या पुतण्याचे हात मला कापून दे. घरी नेऊन भिंतीवर लावतो."

ते हात तुझे आहेत, एलियास. मनगट तसंच सैल, चेंडू पकडताना डोळे तसेच अर्धे मिटलेले. मला गावच्या मैदानावरची संध्याकाळ आठवली आणि मी पाणी प्यायचं निमित्त करून मान खाली घातली.

पण मी हात बघायला बसलेलो नव्हतो. बॅटवरून चेंडू सुटतो तेव्हा पहिलं पाऊल कधी उचललं जातं, मी ते बघत होतो. ते उशिरा उचललं जातं. अर्धं पाऊल. शाळेतल्या सामन्यात ते खपून जातं, कारण पळणारेही शाळेतलेच असतात. वर नाही खपणार. वर तोच पळणारा पहिल्या बेसवर पोचलेला असेल आणि याद्रिएलचा सुरेख थ्रो त्याच्या मागून येईल. हात तुझे घेतलेत त्याने, आणि पाय माझे.

चागोला हे दिसलं की नाही, कळलं नाही. तो हातांचंच बोलत राहिला.

आपल्या घराण्यात हे असंच उलटं चालतं. तू माझ्याहून चांगला होतास हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण तुझ्या वेळी आरोयोत बघायला कुणी आलंच नाही. मी त्या वर्षी ग्वायामाच्या संघात होतो म्हणून कुणाच्या तरी नजरेला पडलो. हे मी तुला कधी बोललो नाही. तूही नाहीस.

संध्याकाळी रस्त्यावरच्या गाडीवर तळलेल्या आल्कापुरिया घेतल्या आणि माझ्या मोटारीच्या टपावर कागद ठेवून उभ्यानेच खाल्ल्या. मग नेरेइदाचा फोन आला. जेवलास का विचारलं. मी म्हटलं, हो, भात आणि चवळी.

तुला वाटेल, मी रात्री घरीच जाणार, मग बायकोला फोन कशाला लागतो. ती सध्या ऑर्लांडोला आहे, मुलीकडे. नात लहान आहे, मुलीला नोकरी आहे. येईल.

बेर्तो


आरोयो, ४ मे

एलियास,

टिली येऊन गेला.

वरचा साहेब येणार म्हटलं की गावाला आपोआप कळतं. मैदानाची पांढरी रेघ नव्याने आखली होती. आयांनी केस करून घेतले होते. याद्रिएलच्या संघाच्या प्रशिक्षकाने तर इस्त्रीची पँट घातली होती.

आणि पोरगा असा खेळला की काय सांगू. मी त्याला सात वर्षांचा असल्यापासून बघतोय, इतका चांगला कधीच खेळला नव्हता. बॅट चालवून तीनदा बेसवर पोचला. एकदा दुसऱ्या बेसच्या मागे सूर मारला, पडल्या पडल्या गुडघ्यावरून चेंडू फेकला. टिलीने तोंडातला च्युइंगम चघळायचा थांबवला. मी टिलीकडेच बघत होतो, कारण पोराकडे बघवत नव्हतं. जाळीच्या पलीकडे मिग्दालिया उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. टाळ्या वाजवून झाल्यावर हात तसेच धरून ठेवले होते तिने. मी नजर फिरवली.

नंतर टिलीला विमानतळावर सोडायला निघालो. सुरुवातीला तो इकडचं तिकडचं बोलला. काएयचा घाट चढल्यावर म्हणाला, "सांग आता. काय आहे हा मुलगा?"

मी सांगितलं. शॉर्टस्टॉप राहणार नाही. दोन वर्षांत त्याला दुसऱ्या बेसवर सरकवाल, कारण तिथून थ्रो जवळचा आणि अर्धं पाऊल झाकलं जातं. पण दुसऱ्या बेसवरच्या माणसाला बॅट जोरात चालवावी लागते आणि याची बॅट अजून कच्ची आहे. आत्ता उचललात तर वीस वर्षांचा होण्याआधी परत पाठवाल. ओक्लाहोमाचं एक कॉलेज त्याला घ्यायला तयार आहे. तिथे अंगात ताकद येईल. मग बघा.

टिलीने तोंडातला च्युइंगम काढून कागदात गुंडाळला. मग म्हणाला, "काका लोक बहुतेक उलट्या बाजूने खोटं बोलतात."

मी म्हटलं, मी खोटं बोलत नाहीये. तो म्हणाला, तसं मी म्हटलेलं नाही.

रात्र व्हायच्या आत घरी आलो आणि बसून अहवाल पुरा केला. हात, उत्तम. डोकं, उत्तम. पाय, कमी. शेवटी सल्ला लिहायची जागा असते. तिथे लिहिलं: यंदा घेऊ नये. पाठवून दिला. मग वीज गेली. सगळ्या गल्लीत लोक खुर्च्या घेऊन बाहेर येऊन बसले. गप्पा ऐकू येत होत्या. मीही खुर्ची उचलली होती, पण दारापर्यंत नेऊन परत ठेवली. कुणीतरी विचारलं असतं, पोराचं काय लिहिलंस.

हे तुला का लिहितोय, ते माझं मलाही धड कळत नाही. या बेटावर शॉर्टस्टॉपच्या पहिल्या पावलाबद्दल मी ज्याच्याशी बोलू शकतो असा एक चागो आहे, आणि त्याच्याशी बोलता येत नाही, कारण तो दुसऱ्या क्लबाचा. तू उरतोस.

बेर्तो


आरोयो, १५ जून

एलियास,

काल याद्रिएल घरी आला होता. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.

मी स्वयंपाकघरात होतो. तो बैठकीत उभा राहिला आणि सगळीकडे बघत राहिला. नेरेइदाचं शिवणयंत्र जिथे असायचं त्या जागेकडे बघून म्हणाला, "काकी कुठेय?"

ऑर्लांडोला, म्हटलं.

"यंत्रासकट?"

तुला मागे 'येईल' म्हणून लिहिलं होतं. ती येणार नाही. एप्रिलमध्ये तिने यंत्र मागवून घेतलं. मीच लाकडी खोक्यात बसवून बोटीने पाठवलं. भांडण वगैरे काही नाही. ती म्हणाली, मी वर्षानुवर्षं घरात एकटी बसत होते आणि तू बेटभर फिरत होतास. आता नात आहे, मला एकटं बसायचं नाही. तूही ये. पण ऑर्लांडोत मी काय करू? तिथली पोरं बघायला तिथले लोक आहेत. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. दुकानात अजून दोन माणसांचं सामान घेतो.

तर पोरगा उभा. म्हणाला, चागोने प्रशिक्षकाला सांगितलं की तुमचा क्लब यादीत माझं नाव फार खाली धरतोय. खरं आहे?

अहवालातलं घरच्यांना सांगायचं नसतं. पण तो माझ्यासमोर उभा होता, तुझ्यासारखाच एक खांदा पाडून. मी सांगितलं. सगळं. पाऊल, दुसरा बेस, कॉलेज.

तो म्हणाला, "काका, एक विचारू? राग मानू नका. काकी गेल्या. बाबा गेले. मी पण गेलो तर तुम्हाला इथे कुणी नाही. म्हणून लिहिलंत का तसं?"

एलियास, मला लगेच 'नाही' म्हणता आलं नाही. मी दोन क्षण थांबलो आणि ते त्याला दिसलं. पाय आहेत ते आहेत, ते मी बनवलेले नाहीत. पण त्या दिवशी 'घेऊ नये' लिहिलं तेव्हा छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, हेही खरं. मी त्याला एवढंच म्हटलं, उद्या सकाळी मैदानावर ये. ऊन चढायच्या आत.

तो आला. मैदानावर आम्ही दोघंच. गुलमोहर फुललाय, तिसऱ्या बेसच्या मागे सगळा लाल सडा. मी माझी टोपी काढून शॉर्टस्टॉपच्या उजव्या हाताला जमिनीवर ठेवली. त्याला म्हटलं, चेंडू इथे येईल तेव्हा तुझा पाय टोपीजवळ पडलेला हवा. एवढंच बघ. हाताचा विचार करू नकोस.

आणि मी बॅटने सरपटी चेंडू मारत राहिलो. त्याने एकही सोडला नाही. एकही नाही. पण दर वेळी चेंडू टोपी ओलांडायचा आणि मग पाय पडायचा. त्याने जागा बदलून पाहिली, आणखी वाकून उभा राहिला, एकदा मी बॅट फिरवायच्या आधीच निघाला. मग मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला मारला आणि तो उघडा पडला. माझे हात भरून आले तरी मी थांबलो नाही. तो थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं होतं.

शेवटी तो ताठ उभा राहिला. टोपीकडे बघत राहिला. मग ती उचलली, मांडीवर आपटून धूळ झाडली आणि मला आणून दिली. म्हणाला, "हे अर्धं पाऊल आणायचं कुठून?"

मी म्हटलं, येत नाही ते. मी सहा वर्षं शोधलं. जॉर्जियात शोधलं, आयोवात शोधलं, बसमधून फिरत शोधलं. मग त्यांनी मला परत पाठवलं.

तो म्हणाला, "पण तुम्ही गेलात तरी होतात."

एवढं बोलून ग्लव्ह काखेत मारून तो चालत निघाला. मी गाडीतून सोडतो म्हटलं, तर चालतच जातो म्हणाला. मी ते चेंडू गोळा करत बसलो. एरवी तो करतो.

बेर्तो


आरोयो, १६ जुलै

एलियास,

ड्राफ्ट झाला. कार्मिनने तुला कळवलं असेल, पण ती सगळं सांगणार नाही, कारण तिला सगळं माहीत नाही.

पहिल्या दिवशी मोठी नावं गेली. आपल्या बेटावरचा बायामोनचा एक पोरगा गेला. त्याच्या घराबाहेर ढोल वाजत होते म्हणे. दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून घरात, कानाला फोन. क्लबाची सगळी माणसं एका खोलीत बसतात आणि आम्ही गावोगावचे फोनवर असतो. विचारलं तर बोलायचं, नाहीतर आवाज बंद ठेवायचा.

दुपारनंतर फेऱ्या संपत आल्या. यादीतली नावं पुसत पुसत जातात आणि मग खाली कोण उरलंय ते बघत बसतात. अठराव्या फेरीला आमची पाळी यायच्या आधी टिलीचा आवाज आला. "बेर्तो, तुझा मुलगा अजून आहे."

'तुझा मुलगा' म्हणाला. पुतण्या नाही म्हणाला.

मी आवाज सुरू केला. तो म्हणाला, घ्यायचा का? शेवटच्या फेऱ्या आहेत, कुणाचं काही जात नाही. तू इतकी वर्षं काम केलंस. खोलीतले सगळे तयार आहेत.

हे त्यांनी मायेनेच म्हटलं, त्यांच्यावर राग नाही. पण उपकार म्हणून उचललेल्या पोरांचं काय होतं ते मी पाहिलंय. त्यांना कुणी शिकवत नाही. बाकावर बसवतात आणि जागा लागली की सर्वात आधी त्यांना काढतात. अशी तीन पोरं मी विमानतळावरून घरी आणलीत. मी म्हटलं, "नको. उपकार म्हणून नको."

टिली म्हणाला, नक्की? मी म्हटलं, नक्की. आणि आवाज बंद केला. त्यांनी टेक्ससचा कुणी चेंडू टाकणारा पिचर घेतला.

त्यानंतर दोनच नावं झाली आणि चागोच्या क्लबाची पाळी आली. याद्रिएल सिंत्रोन, पोर्तो रिको. आणि जागा पुकारली ती शॉर्टस्टॉप नव्हती. दुसरा बेस.

तुमचं घर माझ्या घराच्या मागे दोन गल्ल्या सोडून. आधी मिग्दालियाची हाक आली, शब्द कळला नाही, नुसता आवाज. मग कुणीतरी पातेलं बडवायला लागलं. मग दुसरं. मग गाड्यांचे भोंगे, सगळी गल्ली, फादर राफेलच्या जुन्या टोयोटाचा भोंगासुद्धा ओळखू आला. माझ्या कानात अजून खोलीतली माणसं पुढची नावं वाचत होती. आमच्या फेऱ्या संपेपर्यंत मी उठू शकत नव्हतो. संपल्यावर मात्र उठू शकत होतो. तरी उठलो नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? ज्याने नको म्हटलं तो मिठाईला हजर.

दुसऱ्या दिवशी सकाळी चागो आला. दारातच उभा राहून हसत होता. मी त्याचं अभिनंदन केलं. म्हटलं, तू तर हातच बघत होतास. तो म्हणाला, "अरे बाबा, डोळे काय तुला एकट्यालाच आहेत? पाय मला फेब्रुवारीतच दिसले. हात हात करत राहिलो ते तुला गाफील ठेवायला. मीसुद्धा दुसरा बेसच लिहिलाय."

मग मी त्याला विचारलं, शेवटी सल्ल्याच्या जागी काय लिहिलंस. तो म्हणाला, काय लिहिणार, घ्या म्हणून लिहिलं. पोरगा शिकणारा आहे. बॅट येईल.

एका बाबतीत हायसं वाटलं. ज्याला पोर ना नात्याचं ना गोत्याचं, त्यालाही तेच पाय दिसले, म्हणजे मी पाहण्यात खोटेपणा केला नव्हता. पण जे मी पाहिलं तेच त्याने पाहिलं, आणि त्याने 'घ्या' लिहिलं, मी 'नको'. बॅट येईल असं मला का वाटलं नाही? कॉलेजचं जे लिहिलं ते बरोबरच आहे, आजही दुसऱ्या कुठल्या पोराबद्दल मी तेच लिहीन. तरी कालपासून हेच डोक्यात फिरतंय. घर खायला उठतं म्हणतात ते काय असतं, ते आता कळतंय. याआधी घर नुसतं रिकामं होतं.

दुपारी मिग्दालियाकडे गेलो. ती दारात आली. अंगावर अजून कामाचेच कपडे होते. मी म्हटलं, आनंद झाला. ती म्हणाली, "एवढं सगळं गाव वाजत होतं. तू आला नाहीस."

मी क्लबाचं काम होतं वगैरे सांगायला लागलो. ती आत गेली आणि झाकलेली ताटली घेऊन आली. भात, तूरदाणे, डुकराच्या मांसाचा एक मोठा तुकडा, वरची कुरकुरीत साल माझ्यासाठी वेगळी ठेवलेली. म्हणाली, तुझ्या वाटणीचं होतं, कालचंच आहे, गरम करून घे. आत ये म्हणाली नाही. पण ताटली चिनीमातीची दिली, कागदाची नाही. म्हणजे परत द्यायला जावं लागेल.

बेर्तो


आरोयो, १० ऑगस्ट

एलियास,

हे शेवटचं, पुढे तुला छळणार नाही.

याद्रिएल गेला. मंगळवारचं विमान होतं. मिग्दालियाला सुट्टी मिळाली नाही, निदान ती तसं म्हणाली. तिने घरीच निरोप दिला आणि कामावर निघून गेली, मागे वळून न बघता. त्याने मला आदल्या दिवशी येऊन विचारलं होतं, सोडायला याल का. मी म्हटलं, किती वाजता.

आरोयोहून सान हुआनच्या विमानतळाकडे निघालो. घाटात एका बाईकडून त्याने किनेपाच्या आंबटगोड फळांचा घोस घेतला आणि बिया खिडकीबाहेर फेकत राहिला. घाट उतरल्यावर सांगितलं की प्रशिक्षकाने त्याला आठवडाभर दुसऱ्या बेसवर उभं केलं होतं. मला विचारलं, तिथे उभं राहिल्यावर काय वेगळं वाटतं. मी म्हटलं, सगळं मैदान उलटं दिसतं, आरशात बघितल्यासारखं. सवय होते. तो म्हणाला, हो, तसंच वाटलं.

विमानतळावर पोरं, आया, फुगे. सगळे कुठेतरी चाललेले. मी त्याची बॅग खाली ठेवली. मला वाटलं, तो माझ्या अहवालाबद्दल काही बोलेल. माफ केलं असं म्हणेल किंवा बघून घेईन म्हणेल. दोन्हीची तयारी होती. तो म्हणाला, "काका, रविवारी आईकडे जेवायला जात जा. ती बोलावणार नाही. मी सांगतोय."

मी मान हलवली. त्याने मला मिठी मारली, पाठीवर दोनदा थापटलं, आणि आत गेला. आत जाताना तरी ते पाय बघायला नको होते मी. बघितले.

तो गेल्यानंतरच्या रविवारी गेलो होतो. ताटली घेऊन. मिग्दालिया म्हणाली, बस. दोघंच होतो. तुझं नाव निघालं नाही, पण तिने तीन ताटं मांडली आणि मग एक उचललं. ते याद्रिएलचं होतं की तुझं, मी विचारलं नाही.

आता ऐक. तो फ्लोरिडात आहे, क्लबाच्या सरावाच्या मैदानावर. तुझ्याकडून बसने एक दिवस आणि एक रात्र लागेल. तिकीट लागत नाही, आरक्षण लागत नाही. सकाळी मागच्या मैदानांवर पोरं खेळतात आणि कुणीही जाऊन बसू शकतं. तिथे बहुतेक कुणी नसतं. एखादा माझ्यासारखा म्हातारा टोपी डोळ्यांवर ओढून बसलेला, एखादी आई. नव्या पोरांना पुकारताना नावं नीट घेत नाहीत, तेव्हा नावावर जाऊ नकोस. उंच आहे, एक खांदा पाडून उभा राहतो. तुला ओळखायला वेळ लागणार नाही.

जाळीमागे बसू नकोस. तिथे आम्ही बसतो. पहिल्या बेसच्या बाजूला जा, कुंपणापाशी, म्हणजे थ्रो करताना त्याचा चेहरा तुझ्याकडे असेल. त्याला भेटायलाच हवं असं नाही. तुला धीर झाला तर भेट, नाही झाला तर खेळ संपायच्या आधी उठून जा, त्याला कळणार नाही आणि मी सांगणार नाही. त्याच्या उजवीकडे चेंडू गेला की तो थोडा उशिरा पोचेल. तिकडे लक्ष देऊ नकोस. ते माझं खूप बघून झालंय. तो चेंडू पकडेल, कारण हात तुझे आहेत.

आणि तेव्हा टाळी वाजव, एलियास. मला वाजवता आली नाही.

तुझा भाऊ,
बेर्तो